नारळाची पावती

माझ्या ऑफिसात माणूस आला की मी त्याला आधी पाणी देते आणि मग कागद देते. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर पांढऱ्याशुभ्र जहाजाचं पोस्टर आणि खालून दिवसभर मशिनींची घरघर. त्या घरघरीत मोठ्याने बोलायची सवय लागली, म्हणून जहाजावर माझा आवाज तीन डेक वर ऐकू जातो असं माझे प्रवासी म्हणतात. कौतुकाने म्हणतात, असं मी धरून चालते.

तर कागद. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. वर मथळा नाही, सूचना क्रमांक अमुक-तमुक नाही, नुसत्या ओळी आहेत. आजच्या घडीला सत्तावीस. त्यातल्या सव्वीस माझ्या नेहमीच्या प्रवाशांनी स्वतःच्या फजितीतून मला दिल्या. सत्ताविसावी माझ्या फजितीतून आली, आणि ती कशी आली ते कधीतरी लिहायचं डोक्यात होतं. दिवाळी अंकवाल्यांनी पानं दिली आहेत तर लिहून टाकते.

माझं काम आधी सांगते, कारण सख्ख्या नणंदेलासुद्धा ते अजून नीट कळलेलं नाही. मी क्रूझला गट घेऊन जाते. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, इथलीच माणसं. तिकीट आता मोबाइलवर कोणीही काढतं, त्यासाठी माझी गरज नाही. पण ज्या माणसाने आयुष्यात रेवस-मांडव्याच्या लाँचपलीकडे पाण्यावर पाय ठेवलेला नाही, त्याला बारा मजल्यांच्या जहाजात सोडलं की तो लिफ्टपाशीच गांगरतो. त्याला त्याची खोली, म्हणजे केबिन, सापडेपर्यंत आणि ती सोडून तो सुखरूप घरी जाईपर्यंत तो माझा. अंबरनाथ पूर्वेच्या माझ्या सोसायटीत बायका मला ‘जहाजवाली’ म्हणतात. मला आवडतं.

या धंद्यात मला शिकवलं कुणी, तर मोहिनी आंटींनी. कॅम्प पाचच्याच, सत्तरी ओलांडलेल्या, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या सिंधी बाई. नवरा गेल्यावर मुलांनी विचारलं, मम्मी, आता काय करणार? त्या म्हणाल्या, घूमूंगी. तेव्हापासून वर्षातून एकदा तरी जहाज. एवढ्या सफरी झाल्यात की आता जहाजावरचे वेटर त्यांना नावाने हाक मारतात. माझ्या पहिल्या गटात त्या साध्या प्रवासी म्हणून आल्या आणि पहिल्याच दुपारी त्यांनी मला बाजूला घेऊन झापलं. “सुनंदा, सबका बैग ऊपर भेज दिया तूने? दवाई किसके हाथ में है?” मला काही कळेना. जहाजावर चढताना मोठी बॅग आपल्याकडून घेतात आणि ती केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते, हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या गटातले एक काका, फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, ब्लडप्रेशरच्या गोळीसाठी साडेसात वाजेपर्यंत कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते, आणि त्या येरझाऱ्यांनीच त्यांचं प्रेशर वाढलं असणार. कागदावरची पहिली ओळ तीच आहे. गोळ्या, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत.

पुढच्या ओळी अशाच जमत गेल्या. केबिन मागताना वरच्या मजल्याची हौस करू नये, खालची आणि जहाजाच्या मध्यावरची मागावी. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर वरखाली होतं, मधे बसलेलं होत नाही, तसंच ते. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, म्हणून आंटी लोहचुंबकाचे दहा हुक बरोबर नेतात आणि ओले टॉवेल, टोप्या, जपमाळ सगळं भिंतीवर लटकवतात. मळमळ होत असेल तर हिरवं सफरचंद खावं, आल्याचा तुकडा चघळावा आणि दूर, पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेषेवर नजर ठेवावी. पहिल्या दुपारी सगळं जहाज बुफेच्या रांगेत उभं असतं, तेव्हा खालच्या डायनिंग हॉलमध्ये वेटर रिकामे बसलेले असतात, हे फक्त नेहमीच्यांना माहीत असतं. सुरक्षेच्या कवायतीला दांडी मारू नये. जोवर शेवटचा माणूस हजेरी देत नाही तोवर जहाज हलत नाही, आणि त्या माणसाकडे मग सगळे कसे बघतात ते मी पाहिलंय.

एक ओळ उदबत्तीची आहे. बदलापूरच्या एका कुटुंबाने संकष्टीला केबिनमध्ये उदबत्ती लावली. एकच, तीही चंदनाची. दोन मिनिटांत दारावर चार माणसं हजर, एकाच्या हातात आग विझवायचा सिलिंडर. वहिनी बिचाऱ्या हात जोडून त्यांना गणपतीचा फोटो दाखवत होत्या. जहाजावर आगीइतकं कोणी कशाला घाबरत नाही, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, देव बरोबर घ्या, उदबत्ती घरी ठेवा.

आणि सगळ्यात ठळक अक्षरांत लिहिलेली ओळ: जहाज थांबत नाही. बंदरावर उतरलात की दिलेल्या वेळेच्या एक तास आधी परत. अंबरनाथच्या एका निवृत्त हेडमास्तरांना हे पटेना. आयुष्यभर त्यांच्या घंटेने शाळा चालली, त्यामुळे जहाजही आपल्यासाठी पाच मिनिटं थांबेल असं त्यांना वाटत होतं. काजूची पिशवी घासाघीस करून घेत ते बंदराच्या गेटवर उभे, आणि इकडे खलाशी शिडीच्या साखळ्या सोडायला लागलेले. मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. एक पाय शिडीवर, एक धक्क्यावर. अधिकारी म्हणाला, मॅडम, आत या. मी म्हटलं, सर, माझं माणूस दिसतंय. मास्तर धावत आले, काजू सांडत आले. आजवर माझा एकही प्रवासी जहाजाने मागे टाकलेला नाही. हे वाक्य मी लग्नकार्यातसुद्धा सांगते, आणि नणंद डोळे फिरवते.

एवढी घमेंड असलेल्या बाईकडून चूक कशी झाली ते आता सांगते.

दिनेश नावाचा एक माणूस ऑफिसात आला. चाळिशीचा, अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर, घर बदलापूरजवळच्या गावात. मूळ आगरी कुटुंब, शेती होती, आता त्यातल्या निम्म्या जागेवर इमारती. आला आणि बसायच्या आधी त्याने खुर्ची फिरवून घेतली, भिंतीवरच्या पोस्टरकडे पाठ करून. मला ते जरा विचित्र वाटलं.

“आईला आणि बायकोला पाठवायचंय,” तो म्हणाला. “जिथून जमीन दिसत नाही असं पाणी लागतं का या सफरीत?”

“लागतं. मुंबई-गोवा-मुंबई. तिसरा अख्खा दिवस समुद्रातच असतं जहाज. पण तुम्ही नाही येणार?”

“नाही. मला पाणी बघायचं नाही.”

मी कागद दिला. त्याने तो न वाचता घडी करून खिशात घातला. त्याने विचारलेला प्रश्न माझ्या कानावरून गेला, डोक्यात शिरला नाही. जमीन न दिसणारं पाणी एखाद्या म्हातारीला कशाला हवं असेल, हे मी विचारायला हवं होतं. मी केबिनचा नंबर लिहीत होते.

सफरीच्या दिवशी मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर माझा एकेचाळीस माणसांचा गट. धाकलीबाई, म्हणजे दिनेशची आई, हिरव्या नऊवारीत, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी, ती खाली ठेवायला तयार नाही. सून रंजना त्यांच्या मागेमागे. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी आत गेली आणि मशीन थांबलं. पिशवीत नारळ. शेंडीसकट, सोनेरी कागदात गुंडाळलेला, वर लाल दोरा. त्या जहाजाच्या नियमात घरून आणलेला न फोडलेला नारळ बसत नव्हता. सुरक्षा रक्षक म्हणाला, जमा करावा लागेल, शेवटच्या दिवशी परत मिळेल. धाकलीबाई आणि रंजनाला तोवर रांगेने पुढे फोटो काढायच्या काउंटरवर ढकललं होतं. माझ्या मागे रांग खोळंबलेली, पुढे एका काकांचं ओळखपत्र सापडत नव्हतं.

मला वाटलं, शुभ म्हणून आणला असेल, जहाज निघताना फोडायला. असे नारळ बऱ्याच जणांकडे असतात. मी म्हटलं, ठेवून घ्या. सही केली, केबिनचा नंबर घातलेली पावती घेतली, फाइलमध्ये ठेवली, बाकी सामानाची पिशवी रंजनाच्या हातात दिली, आणि विसरले. जमा केलेल्या वस्तूची पावती घ्यावी, ही माझ्याच कागदावरची अकरावी ओळ. ती मी अगदी चोख पाळली.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर धाकलीबाई आल्या नाहीत. रंजना म्हणाली, “आत्यांना बरं वाटत नाहीये.” दुसऱ्या दिवशी गोव्याला सगळे उतरले, त्या उतरल्या नाहीत. नाश्ता नाही, जेवण नाही, फक्त कोरा चहा. मी केबिनमध्ये गेले. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या.

“मावशी, पोटात ढवळतंय का?”

“मना काय नाय झायला, बाय. भूकच नाय.”

मी काय करावं? माझा कागद काढला. हिरवं सफरचंद आणवलं. आलं आणवलं. गोळी दिली. मळमळीवरचा पट्टा मनगटावर बांधला. त्यांना धरून वर मोकळ्या डेकवर नेलं आणि म्हटलं, ती लांबची रेषा बघा, बरं वाटेल. त्यांनी त्या रेषेकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं वाऱ्याने. सव्वीसपैकी निदान सहा ओळी मी त्या बाईवर वापरल्या, आणि दुखणं त्यातल्या एकाही ओळीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डेकवर चहा घेऊन उभी होते. जहाज परतीच्या वाटेला लागलं होतं, चहूकडे नुसतं पाणी. कठड्याशी दोन बायका बसल्या होत्या, याही गटात आलेल्या मोहिनी आंटी आणि धाकलीबाई. आंटी हिंदीत बोलत होत्या, धाकलीबाई त्यांच्या आगरीत उत्तर देत होत्या, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. आंटींनी मला हात करून बोलावलं.

“तेरी ये मौसी को उलटी-वुलटी कुछ नहीं है,” त्या म्हणाल्या. “इसकी मन्नत अटकी है. इसका नारियल किधर है, सुनंदा?”

हातातला कप कुठे ठेवावा ते मला सुचेना. मी म्हटलं, माझ्याकडे पावती आहे.

धाकलीबाई माझ्याकडे वळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तू नेलास? मना वाटला, दर्यानंच नको म्हनला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दिनेश आधी मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. एका परदेशी बंदराबाहेर त्याचं जहाज अडकलं. मालकाने हात वर केले, फोन उचलायचा बंद केला. खलाशांना उतरायची परवानगी नाही. महिनेच्या महिने नांगरावर. पिण्याचं पाणी मोजून, भात एक वेळ. फोन लागला की दिनेश म्हणायचा, बरा आहे. एके दिवशी तेही म्हणाला नाही, नुसता रडला. त्या दिवशी धाकलीबाईंनी नवस बोलला. त्यांचं माहेर खाडीकाठचं, मिठागरातलं. बापाने मीठ ओढलं, भावांनी ओढलं. त्यांच्या घरात दर्याकडे काही मागितलं तर ते काठावरून फेडत नाहीत. त्या म्हणाल्या होत्या, माझा पोर परत दे, मी स्वतः तुझ्या पोटात येऊन, जमीन दिसणार नाही तिथं, तुला नारळ देईन. दिनेश परत आला. पण तेव्हापासून त्याला पाणी बघवत नाही. घरात जहाजाचा विषय काढायचा नाही. कोणाच्या होडीतून जायचं तर खाडीपलीकडे कोण नेणार? नवस तसाच राहिला, वर्षं गेली, गुडघे गेले. शेवटी त्यांनी दिनेशला, कशासाठी ते न सांगता, एवढंच म्हटलं की मला एकदा जमीन न दिसणारं पाणी बघायचंय.

“फेडल्याशिवाय मेले तर दर्या माझा पोर परत मांगल,” त्या म्हणाल्या. “म्हनून आले.”

नारळ देईपर्यंत अन्न घ्यायचं नाही, असं त्यांनी जहाजावर चढतानाच ठरवलं होतं. आणि पहिल्याच संध्याकाळी पिशवी उघडली तर नारळ नाही. चोरीला गेला असं त्यांच्या मनातही आलं नाही. दर्याने नाकारला, असंच त्यांना वाटलं. सुनेलाही बोलल्या नाहीत. दोन दिवस ही बाई त्या केबिनमध्ये बसून स्वतःच्या मुलासाठी घाबरत होती आणि मी तिला सफरचंद देत होते. इतकी लाज मला माझ्या कामात कधी वाटली नव्हती. आजही वाटते.

नारळ मिळवणं सोपं होतं. पण जहाजावरून समुद्रात काहीही टाकणं हा त्या जगातला सगळ्यात मोठा गुन्हा. कागदाचा कपटा टाकताना कॅमेऱ्यात दिसलात तरी पुढच्या बंदरावर उतरवतात, आणि काही पडताना दिसलं तर माणूस पडला की काय म्हणून अख्खं जहाज थांबवतात. रंजना म्हणाली, “ताई, गुपचूप टाकून देऊ? कोणी नसताना?” खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात आलं.

आंटींनी तिला गप्प केलं. “चोरी से करोगे तो जहाज उतार देगा. पूछके करोगे तो जहाज दे देगा. मैंने देखा है.” काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जहाजावर त्यांनी पाहिलं होतं, एका कुटुंबाने परवानगी मागून वडिलांच्या अस्थी समुद्रात सोडल्या होत्या, अधिकारी बरोबर उभा होता. पर्यावरणाचा वेगळा अधिकारी असतो, त्यालाच भेटायचं, रिसेप्शनला त्याचंच नाव काढायचं, हे आंटींना पाठ होतं. मी इतक्या सफरी केल्या, मला माहीत नव्हतं.

मी गेले. अधिकारी उंच, गंभीर, कुठल्या तरी युरोपातल्या देशाचा. माझं इंग्रजी कॅम्प पाचचं. मी त्याला सांगितलं की एक नारळ समुद्राला द्यायचा आहे. त्याने दोनदा विचारलं, नारळ? मी सांगितलं, सर, एका आईने मुलासाठी समुद्राला शब्द दिला होता. मुलगा खलाशी होता. तो परत आला. ती बाई दोन दिवस जेवलेली नाही आणि हा नारळ गेल्याशिवाय जेवणार नाही, आणि तो नारळ तुमच्या कपाटात माझ्या सहीने अडकलाय.

‘मुलगा खलाशी होता’ म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. कुठल्या जहाजावर, किती महिने अडकला होता, ते विचारलं. मग एक जाड नियमांचं पुस्तक काढलं. पंधरा मिनिटं वाचलं, दोन फोन केले. शेवटी म्हणाला, अन्न आहे, किनाऱ्यापासून पुरेसं दूर असलो तर चालेल. पण कागद नाही, दोरा नाही, प्लास्टिक नाही. दुपारी चार वाजता. त्यानंतर जहाज किनाऱ्याकडे वळेल.

जमा वस्तूंच्या कपाटात एक इस्त्री, दोन विजेच्या किटल्या आणि त्यांच्यामध्ये सोनेरी कागदातला नारळ बसला होता, गळ्यात केबिनचा नंबर अडकवून. पावती दाखवली, नारळ घेतला. धाकलीबाईंच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो कानाशी हलवून बघितला. आत पाणी होतं. सोनेरी कागद काढावा लागेल हे सांगायला मला भीती वाटत होती. त्यांनी ऐकलं आणि स्वतःच नखाने दोरा तोडला.

“कागद बाजारचा, नारल झाडाचा,” त्या म्हणाल्या. “दर्याला नारल सांगलेला.”

चार वाजता आम्हाला जहाजाच्या मागच्या बाजूला, खालच्या डेकवर नेलं. दोर बांधायची जागा, तिथे प्रवाशांना जाऊ देत नाहीत. इंजिनाचा आवाज पायातून वर येत होता. धाकलीबाईंनी नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेट घातलेलं, दोन खलाशी दोन बाजूंना. आंटींनाही हट्टाने यायचं होतं. त्यांच्यात पाण्याला तांदूळ आणि साखर अर्पण करतात, त्याला त्या अखो म्हणतात. इतक्या सफरी झाल्या पण जहाजावरून त्यांनी कधी चिमूटभरही टाकलं नव्हतं, नुसत्या कठड्याशी उभं राहून मागायच्या. अधिकाऱ्याने तांदळालाही मान हलवली.

धाकलीबाईंनी मला विचारलं, “इथून जमीन दिसत नाय ना गो?” मी अधिकाऱ्याला विचारलं. त्याने हसण्यावारी नेलं नाही. चारी बाजूंना वळून नीट बघितलं आणि म्हणाला, नाही, कुठेच नाही.

त्यांनी नारळाला कुंकू लावलं, दोन्ही हातांनी धरला आणि पुढे वाकल्या. खलाशांनी त्यांना घट्ट धरलं.

“घे रं बाबा,” त्या म्हणाल्या. “तुजा तुना, माजा मना.”

नारळ पडला तो आवाज इंजिनात ऐकू आला नाही. पांढऱ्या फेसात एकदा दिसला, मग मागे, लांब. आंटींनी तांदूळ सोडले. मग धाकलीबाईंनी पदर पसरला, आंटींनी ओढणी पसरली, दोघी आपापल्या भाषेत काहीतरी मागत होत्या. मी बाजूला उभी राहून रडले. मला रडू लवकर येत नाही, माझा गट विचारा.

मग त्या अधिकाऱ्याने एक वही उघडली. जहाजावरून समुद्रात जे काही जातं त्याची नोंद ठेवावी लागते, वेळ आणि ठिकाणासकट. त्याने लिहिलं: नारळ, एक. तांदूळ, साखर, थोडे. वेळ. अक्षांश, रेखांश. मी म्हटलं, सर, हे मला लिहून द्याल? त्याने जहाजाच्या छापील कागदावर ते आकडे उतरवून दिले, खाली सही केली. मी तो कागद धाकलीबाईंना दिला आणि सांगितलं, मावशी, ही दर्याची पावती.

त्या संध्याकाळी त्या जेवायला आल्या. आंटींच्या शेजारी बसल्या, भात आणि मासळीचं कालवण मागवलं. पहिला घास घेतला, आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“मासली बरी हाय,” मिठागरातली लेक म्हणाली. “मीठ कमी.”

परत आल्यावर मी कागदावर सत्ताविसावी ओळ लिहिली: बॅगेत काय आहे ते सांगा, आणि ते कशासाठी आहे तेही सांगा. खरं तर ती माझ्यासाठीच आहे. आता मी प्रत्येक प्रवाशाला बुकिंगच्या वेळीच विचारते, का जाताय? लोक म्हणतात, फिरायला. मी थांबते. थोडं थांबलं की दहातला एक तरी दुसरंच काही सांगतो.

काही आठवड्यांनी दिनेश ऑफिसात आला. मी पाणी दिलं. त्याने खिशातून जहाजाचा तो छापील कागद काढून टेबलावर ठेवला. घडी घालून घालून मऊ झाला होता, एका कोपऱ्याला कुंकू लागलेलं.

“आईनं देव्हाऱ्यात ठेवलाय,” तो म्हणाला. “आज मागून आणला. हे आकडे मला वाचता येतात, ताई. मी नकाशावर काढली ही जागा.” कागदाची घडी परत घालत त्याने विचारलं, “तुमचं जहाज परत त्याच वाटेनं जातं का?”

“थोडं इकडेतिकडे. पण वाट तीच.”

त्याने माझा कागद मागितला. या वेळी वाचला, सगळा, बोट ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटच्या ओळीवर बोट जरा जास्त थांबलं.

“तिघांचं करा,” तो म्हणाला. “आई, मी आणि रंजना. खालच्या मजल्यावर, मधली केबिन.”

“आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्याही असतात,” मी म्हटलं. “बाहेरचं काही दिसत नाही तिथून.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज आल्यावर त्याने खुर्ची फिरवली नव्हती. तो पोस्टरकडे तोंड करून बसला होता.

“नको ताई,” तो म्हणाला. “खिडकीची द्या.”